आल्बग्लूटचं पहिलं गिऱ्हाईक

न्युर्टिंगेन,
ऑक्टोबरातला दुसरा रविवार

प्रिय मेहुणे ओटमारराव यांस,

राइनहोल्डचा सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुम्हीही रीत म्हणूनच वाचा. तुमचा रक्तदाब कसा आहे? सफरचंदं उतरवून झाली का? इर्मगार्डवहिनींचा खांदा आता वर जातो की अजून निम्म्यातच अडतो? आणि रोझविटाचे गुडघे कसे आहेत? हा शेवटचा प्रश्न मी खरं तर तिलाच विचारायला हवा, माझीच बायको आहे ती. पण मार्चमध्ये ती तुमच्याकडे सरोवराकाठी राहायला आली तेव्हापासून फोनवर मला हवामान सांगते आणि फोन तुमच्या हातात देते. मग तुम्हीही हवामानच सांगता. तुमच्या गावात या वर्षी किती पाऊस पडला हे तुमच्या नगरपालिकेला नसेल इतकं मला ठाऊक झालंय.

ती का आली हे तुम्ही तिच्याकडून ऐकलंच असेल. आता माझ्याकडूनही ऐका, भावाने दोन्ही बाजू ऐकायला हरकत नसते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि रोझविटाचे गुडघे कुरकुरायला लागले त्यालाही बरीच वर्षं झाली. तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा झाला तेव्हा ती म्हणाली, घेऊन टाकू. मी म्हटलं, घेऊ की, पण जरा थांब. घरासाठी साठवलेले पैसे आल्बग्लूट कंपनीच्या शेअरमध्ये आहेत, त्यांच्या यंत्रांची विक्री एकदा सुरू झाली की तळमजलाच काय, पुढची बागसुद्धा घेऊ. त्या फ्लॅटमध्ये एक दंतवैद्य राहायला आला. काही वर्षांनी तो गेला. रोझविटाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जरा थांब. मग एक जोडपं आलं, त्यांना जुळी झाली. ती जुळी आता शाळेत जातात आणि जिन्यात मला विचारतात, आजोबा, तुम्ही अजून वरच का राहता?

तर मार्चमध्ये आमच्याकडे झाडलोटीचा आठवडा आला. (तुमचा स्वतंत्र बंगला, तुम्ही विसरला असाल: ज्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते त्याने त्या आठवड्यात अख्खा जिना वरपासून खालपर्यंत झाडून पुसायचा आणि मग पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. आम्हा इकडच्या श्वाबी लोकांत माणूस मेला तरी चालतं, पाटी पुढे गेली पाहिजे.) रोझविटा पुसत पुसत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि पायरीवर बसली. मी त्याच वेळी वरून मोठ्या आनंदाने ओरडलो की कंपनीचं निवेदन आलंय, एका फार मोठ्या ग्राहकाशी चाललेली बोलणी पुढच्या टप्प्यात गेली आहेत! ती उठली. बादली उचलली, वर आली, बॅग भरली, दारावरची पाटी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "राइनहोल्ड, त्या लोकांनी एक यंत्र विकलं की मला फोन कर. एक. त्या दिवशी येते. तोवर जिना तू पूस."

एक यंत्र! ओटमारराव, त्या वेळी मला मनातून बरंच वाटलं होतं हो. म्हटलं, बाईने काय मोठं मागितलंय? ईस्टरपर्यंत येईल परत. ईस्टर गेला, स्ट्रॉबेऱ्या आल्या नि गेल्या, आता भोपळे आलेत. जिना मी पुसतोय. कोपरे कसे काढायचे तेही आता जमतं.

आल्बग्लूट म्हणजे काय हे तुम्हाला मी तुमच्या साठीच्या जेवणात समजावलं होतं, पण तेव्हा तुम्ही झोपला होता. थोडक्यात सांगतो. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा कारखाना आहे. तिथे एक कपाटाएवढं यंत्र आहे, त्यात एकीकडून हायड्रोजन सोडायचा, दुसरीकडून हवा, की वीज मिळते, गरम पाणी मिळतं, धूर नाही, राख नाही, खालच्या नळीतून निघतं ते निव्वळ स्वच्छ पाणी. सुरेख कल्पना आहे. अजूनही मला सुरेखच वाटते, काय करू? आमच्यासारख्या लहान भागधारकांनी पैसे घातले ते काही नुसत्या हावरटपणाने नाही. आपल्या पैशाने जगाचा धूर थोडा कमी होईल आणि वर चार पैसे मिळतील, अशा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे होतो आम्ही. तेव्हापासून विक्रीची वाट पाहतोय. वाट पाहून पाहून आम्हाला एक नवीन भाषा यायला लागली. निवेदनात 'लवकरच' आलं की समजायचं यंदा नाही. 'येत्या सहामाहीत' आलं की समजायचं, कोणती सहामाही ते त्यांनाही ठाऊक नाही. 'चाचणी समाधानकारक' म्हणजे यंत्राने पेट घेतला नाही. आणि 'फार मोठा ग्राहक' म्हणजे कोणी तरी एकाने माहितीपत्रक मागवलं.

आमची बैठक दर गुरुवारी, 'बैल' खानावळीत, शेकोटीजवळच्या राखीव टेबलावर. पूर्वी तिथे बरीच माणसं असायची. काहींनी शेअर विकले (त्यांना आम्ही रस्त्यात ओळख देतो, पण थांबत नाही), काही देवाघरी गेले. उरलो आम्ही तिघं. एक मी. दुसरा सिग्बर्ट, जन्मभर बेकरी चालवून ती आता मुलीच्या हाती दिलेला. आणि तिसऱ्या श्रीमती श्टाइमले, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. या बाई कंपनीचा वार्षिक अहवाल लाल पेनाने तपासून व्यवस्थापकांना परत पाठवतात. मी जिना पुसला की हातरुमाल घेऊन कठड्यावरून फिरवतात त्याही याच. रोझविटा होती तोवर त्यांनी कधी रुमाल फिरवला नाही, हेही इथे नमूद करतो.

आता वार्षिक सभेबद्दल लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भागधारकाला वर्षातून एकदा सभेचं बोलावणं येतं, सोबत बसचं तिकीट असतं, आणि दुपारी सगळ्यांना लांब सॉसेजची जोडी आणि बटाट्याचं सॅलड मिळतं. आजवर या कंपनीकडून आमच्या पदरात पडलं ते एवढंच, म्हणून आम्ही ते फार गांभीर्याने घेतो. सभेत दर वर्षी कंपनीचे प्रमुख डॉक्टर हासेलबाख मंचावर येतात, यंत्र चालू करतात, नळीखाली ग्लास धरतात आणि ते पाणी सगळ्यांसमोर पितात. आम्ही टाळ्या वाजवतो. पहिल्या वर्षी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. साथीच्या काळात सभा कॉम्प्युटरवर झाली. सिग्बर्टने घरी सॉसेज उकडून, कोट-टाय घालून, पडद्यासमोर बसून खाल्ले. पण खरा प्रसंग गेल्या सभेतला. कंपनीने हिशेबासाठी उत्तरेकडच्या हांबुर्गचा एक तरुण गृहस्थ आणला आणि त्याने जेवणाचं कंत्राट दिलं ते कोणाला तरी भलत्यालाच. सॅलडमध्ये मेयोनेझ! ओटमारराव, मेयोनेझ! आमच्याकडचा गरम रश्शात मुरलेला ओलसर बटाटा सोडून पांढरा गिलावा. इतकी वर्षं एक यंत्र विकलं नाही तरी संचालक मंडळावर एकमताने विश्वास दाखवणारे आम्ही लोक, त्या दुपारी जेवणानंतर उठलो आणि विरोधात मत दिलं. हासेलबाखांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांना वाटलं, आता विक्रीचा जाब विचारणार. श्रीमती श्टाइमले माइकपाशी गेल्या आणि सॅलडवर बोलल्या.

तर सप्टेंबरातल्या एका गुरुवारी मी टेबलावर रोझविटाची अट सांगितली. इतके दिवस सांगितली नव्हती. लोकांना वाटत होतं ती तुमच्याकडे हवापालटाला आली आहे. सिग्बर्ट वाइनचा पेला खाली ठेवत म्हणाला, "अरे, एकच पाहिजे ना? मग आपणच घेऊ की." इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं! त्याच्या मुलीच्या बेकरीला वीज लागते, गरम पाणी लागतं; आम्ही सगळ्या जुन्या भागधारकांकडून वर्गणी काढायची, यंत्र बेकरीच्या मागे बसवायचं, कंपनीची पहिली विक्री झाली म्हणून निवेदन निघेल, शेअर वर जाईल, वर्गणी वसूल होईल आणि माझी बायको घरी येईल. श्रीमती श्टाइमले म्हणाल्या की यात कुठे तरी चूक असली पाहिजे, पण ती त्यांना सापडत नाही. आम्ही त्या रात्री आणखी एकेक पेला मागवला, यावरून काय ते ओळखा.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला. फोनवरचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, गुंतवणूकदार असाल तर एक दाबा, पत्रकार असाल तर दोन, नोकरी हवी असेल तर तीन. विकत घ्यायचं असेल तर काय दाबायचं ते कोणी सांगेना. मी एक दाबला. पलीकडच्या बाईंना म्हटलं, मला यंत्र घ्यायचंय. त्या म्हणाल्या, शेअर का? म्हटलं, नाही, यंत्र. त्यांनी मला पत्रकारांच्या खात्याकडे जोडलं. तिथल्याने नोकरीच्या खात्याकडे जोडलं, आणि तिथे माझं वय विचारल्यावर फोन कट झाला. शेवटी वर्गणी गोळा झाल्यावर आम्ही तिघं बस पकडून थेट कारखान्याच्या दारात गेलो. (बसचं तिकीट सभेचं नसल्यामुळे पदरचं होतं. सिग्बर्ट जाता-येता दोन्ही वेळा त्याबद्दल बोलला.)

स्वागताच्या टेबलावर एक मुलगी होती. कोण तुम्ही, म्हणाली. सिग्बर्ट छाती काढून म्हणाला, "गिऱ्हाईक." तिने तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. आत पळाली. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, काचेमागे डोकी दिसायला लागली, आणि पाचच मिनिटांत डॉक्टर हासेलबाख कोटाच्या बाहीत हात घालत घालत स्वतः बाहेर आले. आम्हाला त्यांनी ओळखलंच. सॅलडवाल्या बाईंना ते कसे विसरतील? पण चेहरा पडू दिला नाही. आम्हाला आत नेलं, कॉफी दिली, आणि ते यंत्र दाखवलं. दर वर्षी मंचावर असतं तेच. दुसरं नाहीच, म्हणाले. हे तुम्ही घेतलंत तर पुढच्या सभेत मी पाणी कशातून पिऊ?

आता ओटमारराव, इथून पुढे काय झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. इतकी वर्षं आम्ही ते यंत्र लांबून, खुर्चीत बसून, टाळ्या वाजवत पाहिलं होतं. त्या दिवशी प्रथमच खिशातून पैसे काढायचे म्हणून जवळून पाहिलं. आणि पै-पैचा हिशेब ठेवणारा श्वाबी माणूस गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला की त्याच्या अंगात काय संचारतं तुम्हाला माहीत आहेच. श्रीमती श्टाइमले यांनी यंत्राखालून बोट फिरवलं आणि विचारलं, हे पुसतं कोण? सिग्बर्ट म्हणाला, माझी पोरगी पहाटे भट्टी लावते, तेव्हा हे लगेच चालू होईल ना? डॉक्टर म्हणाले, आधी जरा तापावं लागतं. किती? ते दिवसावर अवलंबून आहे, म्हणाले. मी विचारलं, हायड्रोजन कुठून आणायचा? ट्रकने येईल. ट्रक कुठून? उत्तरेकडून. ट्रक कशावर चालतो? डिझेलवर, म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. मग सिग्बर्टने रोखीवर सूट किती ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, आहे त्या किमतीतच कंपनीला तोटा आहे. सिग्बर्ट म्हणाला, कंपनी आमचीच आहे, आम्हाला चालेल.

मग आम्ही तिघं बाजूला जाऊन कुजबुजलो. फार वेळ लागला नाही. श्रीमती श्टाइमले यांनीच सांगितलं, शाळेत नापास मुलाच्या आईला सांगत असतील तशा आवाजात: "डॉक्टर, कल्पना छान आहे. पण आम्ही घेणार नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. रागावले नाहीत. थकलेला माणूस आहे हो, आमच्यासारखाच. नळीखाली ग्लास धरून त्यांनी आम्हाला एकेक घोट पाणी दिलं. मी विचारलं, तुम्हाला आवडतं का हे? म्हणाले, पहिली काही वर्षं फार आवडायचं. फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, पुढच्या सभेत सॅलड रश्शातलं असेल, मी स्वतः लक्ष घातलंय, या नक्की.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या बाकांवर बसलो. जे यंत्र जगाने घ्यावं म्हणून इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलो, ते आम्ही एक कप कॉफी संपायच्या आत नाकारलं. मीसुद्धा. माझी बायको त्या एका यंत्रासाठी अडली होती, खिशात वर्गणी होती, तरी माझ्या तोंडातून 'देऊन टाका' हे दोन शब्द निघाले नाहीत. मला फार वाईट वाटलं, ओटमारराव. कंपनीचं नाही. जिन्यात बसलेली रोझविटा मला दिसायला लागली, आणि मी वरून काय ओरडलो होतो ते ऐकू यायला लागलं.

असो. पत्र लांबलं. विनंती एवढीच की रोझविटाला सांगा, कंपनीच्या दारात खरंखुरं गिऱ्हाईक येऊन गेलं, यंत्र नीट पाहून गेलं, किमतीचीही बोलणी झाली. यात एक अक्षर खोटं नाही. गिऱ्हाईक कोण होतं हे तिने विचारल्याशिवाय सांगू नका. इर्मगार्डवहिनींना नमस्कार.

तुमचा,
राइनहोल्ड

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं ते परत उघडलं. वरचा निरोप तिला देऊ नका. वाचून पाहिला, अगदी कंपनीच्या निवेदनासारखा लिहिलाय मी. त्यापेक्षा सगळं पत्रच तिला द्या. मेयोनेझचा भाग मोठ्याने वाचा, तिथे ती हसेल.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकायचं काही आठवडे राहिलं, कारण मध्ये बँकेत जाऊन आलो. शेअर विकले. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? आलेल्या पैशात तळमजल्याचा फ्लॅट सोडा, त्याचं दारसुद्धा आलं नसतं. पण एक गोष्ट आली. आपल्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, आणि वर चढताना रोझविटाचा जास्त दुखरा गुडघा दुसऱ्या बाजूला येतो. (इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. पुसायला लागल्यावर आलं.) तर भिंतीच्या बाजूने, खालच्या दारापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत, धरायला चांगला जाड लाकडी दांडा बसवून घेतला. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या श्रीमती श्टाइमले यांनी दारोदार हिंडून आणल्या, आणि दांडा बसल्यावर त्यांनी रुमाल न फिरवता नुसता हात फिरवला. तिची अट मला पुरी करता आली नाही, हे तिला स्पष्ट सांगा. यंत्र विकलं गेलं नाही, जाईल असंही वाटत नाही. पण मी वाट बघायची सोडली.

शेवटचा ता. क. वर शेअर विकले म्हणालो ते अगदी सगळे नाहीत. दोन ठेवलेत. एका शेअरवर एका माणसाला बसचं तिकीट, सॉसेजची जोडी आणि सॅलड मिळतं. दुसरा तिच्या नावावर केलाय. सभा मे महिन्यात आहे. सभागृहात चौकशी करून आलो, तिथे एकही पायरी नाही. पण तिला म्हणावं, मेची वाट पाहू नकोस. या आठवड्यात पाटी आमच्या दाराला आहे, जिना पुसून ठेवलाय, आणि आता दोन्ही बाजूंनी धरायला आहे.